तिरंदाज वाया जातोय? लांब पल्ल्याच्या लढाईत या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लाँगबोचा (लांब धनुष्याचा) पल्ला १५०/६०० फूट असा लिहिलेला असतो. काही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) १५० लाच हद्द मानतात, काही ६०० पर्यंत सगळं सारखंच धरतात. दोन्ही चूक. १५० पर्यंत नेहमीसारखा फासा. तिथून ६०० पर्यंत डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा. ६०० च्या पुढे बाण मारताच येत नाही. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते. ६०० फूट म्हणजे अशा नऊ खेळपट्ट्या. खेळाडूंना एवढं सांगितलं तरी अंतर डोळ्यांपुढे येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे. लढाई किती अंतरावर सुरू होते, हे ठरवलंच जात नाही. नकाशावरची एक चौकट ५ फुटांची आणि कागदावर इंचभर, म्हणजे ६०० फुटांना १० फूट लांब नकाशा लागेल. एवढं टेबल कुणाच्या घरी असतं? मग शत्रू दर वेळी नकाशाच्या कडेला, साठ-सत्तर फुटांवर उगवतो आणि धनुष्य निवडलेल्या खेळाडूवर अन्याय होतो. उलट, दर वेळी ६०० फुटांवरून सुरुवात केली तर ३० फूट चालीचा दरोडेखोर डॅश करत, म्हणजे दर फेरीला दुप्पट अंतर धावत आला तरी दहा फेऱ्या लागतात, आणि तोवर तलवारवाला नुसता बसून राहतो.

म्हणून आधी जागा बघा: इथून किती लांबचं दिसतं? सोलापूरकरांना हे पटकन कळेल. नान्नजच्या माळरानावर नजर अडवायला फारसं काही नाही, तिथे ४०० फुटांवरून सुरुवात रास्तच. भुईकोट किल्ल्यासारख्या जागी तट आणि बुरूज मध्ये येतात. अर्ध्या आडोशाने एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) २ ने वाढतो, पाऊण आडोशाने ५ ने. पूर्ण आडोशामागच्यावर नेमच धरता येत नाही. रात्री मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढचे २० फूट अंधुक. मशाल धरणारा स्वतः मात्र खूप लांबून दिसतो, आणि हे शत्रूलाही लागू आहे!

मोठ्या अंतराला नकाशा नकोच. वहीत ‘शत्रू ४२० फूट’ लिहा, दर फेरीला आकडा बदला आणि शंभरेक फुटांवर आल्यावर सोंगट्या मांडा.

जवळचा नियमही विसरला जातो. कृती करू शकणारा आणि तुम्हाला पाहू शकणारा शत्रू ५ फुटांच्या आत असेल तर दुसऱ्या कुणावर बाण सोडतानाही डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतं. ते आणि लांब पल्ल्याचं, दोन्ही एकदम लागले तरी फासे दोनच टाकायचे, तीन नाही.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हिशोब वेगळा: लाँगबोचा टप्पा १०० फुटांचा, पुढच्या प्रत्येक टप्प्याला फाशाच्या आकड्यातून २ वजा, आणि सहाव्या टप्प्यानंतर मारा बंद. दोन्ही खेळ खेळणाऱ्या गटाने कुठला नियम चालू आहे ते पात्राच्या कागदावर धनुष्याशेजारीच लिहून ठेवावं.