गरोदरपणात आवाज घोगरा झाला तर

सातव्या महिन्यात आईला फोन केला तर ती म्हणाली, "जावईबापू, तिला द्या ना फोन." सर्दी नव्हती, खोकला नव्हता, आवाजच उतरला होता. हनुवटीवर राठ केस आले होते, पाठ मुरुमांनी भरली होती. "गरोदरपणात होतं असं" ऐकत मी तीन आठवडे घालवले. तुम्ही घालवू नका.

आधी आवाज, केस, मुरुमं कधी सुरू झाली ते आठवून आठवड्यानिशी लिहून काढा. मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची घडण साधारण 7 ते 12 आठवड्यांत होते. ही लक्षणं ज्यामुळे येतात ते पुरुषी हार्मोन आईच्या अंगात तेव्हा फार वाढलं तर मुलीच्या योनीचे ओठ जुळू शकतात. नंतर वाढलं तर बहुधा क्लिटोरिस (योनीच्या वरच्या टोकाचा लहानसा अवयव) तेवढं मोठं होतं. गर्भाशय आणि अंडाशय मात्र शाबूत राहतात. मुलग्यावर सहसा परिणाम दिसत नाही. वार (प्लासेंटा) हे हार्मोन इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये बदलून बाळाला पुष्कळ वाचवते, पण लोंढा मोठा असला की तीही अपुरी पडते.

सोनोग्राफीला गेलात की दोन्ही अंडाशयंही बघायला सांगा. माझ्या डाव्या अंडाशयात 8 सेंटिमीटरची घट्ट गाठ निघाली. डॉक्टरांना ल्युटिओमा वाटला, म्हणजे बाळंतपणानंतर आपोआप विरणारी गाठ. पण सर्टोली-लेडिग ट्यूमर (अंडाशयातली पुरुषी हार्मोन बनवणारी गाठ) किंवा जठरातून अंडाशयात पसरलेला कॅन्सरही असंच करू शकतो, म्हणून "थांबलो तर कशाच्या आधारावर?" हे स्पष्ट विचारा. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी हार्मोन, गरोदरपणात एरवीही वाढतं, एएफपीसुद्धा (गाठीसाठी रक्तात तपासतात ते प्रथिन); नुसत्या आकड्याला घाबरू नका. एकाएकी पोटात कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

बालरोगतज्ज्ञांना प्रसूतीआधीच सगळं सांगून ठेवा. माझ्या लेकीचं क्लिटोरिस थोडं मोठं होतं. नर्सबाईंनी दुपटं पुन्हा गुंडाळलं आणि काही न बोलता डॉक्टरांना बोलावलं. गुणसूत्रं, 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन, सोडियम-पोटॅशियम, सगळं तपासलं, कारण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा जन्मजात आजारही असाच दिसतो आणि त्यात पहिल्या काही आठवड्यांतच अंगातलं मीठ घटून बाळ दगावू शकतं. तिचे रिपोर्ट नॉर्मल आले. तिच्या ऑपरेशनची घाई कुणी केली नाही, मीही करू दिली नाही.

तुमच्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख बाळाच्या लसीच्या कार्डावरच लिहा. बाळाच्या धावपळीत आईची तपासणी हमखास राहते. माझी गाठ बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी झाली होती. आवाज अजून थोडा जाडच आहे.