कड्यांच्या कुशीतल्या पुळणी: निघण्यापूर्वीची तयारी

यादीत सर्वात वर तारीख आणि वेळ लिहा, जागेचं नाव त्याखाली. मोकळ्या, लांबलचक किनाऱ्यावर कधीही गेलं तरी थोडीफार वाळू मिळतेच. कोव्हचं, म्हणजे तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या छोट्या पुळणीचं, तसं नसतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कायनान्स कोव्हला ओहोटीच्या वेळी पांढरी वाळू आणि लाल-हिरव्या खडकांमधल्या गुहा उघड्या पडतात. भरतीला तीच पुळण जवळजवळ दिसेनाशी होते. स्पेनमधल्या गॅलिसियाच्या 'कॅथेड्रल' किनाऱ्यावर दगडी कमानींखालून चालायचं तर ओहोटीच गाठावी लागते. सेशेल्समधल्या ला दिग बेटावर आन्स सूर्स दार्जां इथे गणित उलटं आहे. ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की पोहता येत नाही, म्हणून तिथे पाणी चढलेलं असताना जायचं. अशा कितीतरी सुंदर जागांवरून लोक हिरमुसून परततात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा चुकलेली वेळ हेच असतं.

म्हणून सुट्टीची तारीख पक्की करण्यापूर्वी चंद्र बघा. अमावस्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा भरती सर्वात उंच चढते आणि ओहोटीला पाणी सर्वात दूर जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. गुहा, कमानी, खडकांमधली डबकी बघायची असतील तर उधाणाचे दिवस घ्या. लहान मुलांना घेऊन निवांत पाण्यात बसायचं असेल तर भांगेचे दिवस बरे, कारण पाणी हळू सरकतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं आणि भरतीची वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे जाते. एका सोमवारी सकाळी दहाला मोकळी दिसलेली पुळण पुढच्या सोमवारी दहाला पाण्याखाली असते ती याचमुळे. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर चढउतार अर्ध्या मीटरपेक्षाही कमी, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. तेव्हा एका किनाऱ्याचा अंदाज दुसऱ्या किनाऱ्यावर वापरू नका. तुमच्या जागेच्या सर्वात जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि त्यातल्या वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात) आहेत की प्रमाणवेळेप्रमाणे, हे पाहून घ्या. या एका तासाच्या घोळात बरीच माणसं अडकतात.

आता वेळापत्रकातले आकडे कसे वाचायचे ते. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत पाणी जेवढं चढतं त्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा पूर्ण ओहोटी दुपारी १२ वाजता ०.६ मीटरवर आहे आणि पूर्ण भरती संध्याकाळी ६ वाजता ४.२ मीटरवर. एकूण चढ ३.६ मीटर, म्हणजे एक भाग ०.३ मीटरचा. एक वाजता पाणी ०.९ वर येईल, दोनला १.५, तीनला २.४ आणि चारला थेट ३.३ मीटरवर. पहिल्या तासात जेमतेम फूटभर चढलेलं पाणी पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि दोन ते चार या वेळात पुरुषभर पाणी चढतं. भूशिराला वळसा घालून पलीकडच्या कोव्हमध्ये जायचं असेल तर ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात वळसा पार करून परत या. वरच्या उदाहरणात साडेदहाला जायचं, एकच्या आत परतायचं. वेळापत्रकातला आकडा शांत हवेचा असतो हेही धरून चला. किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा पाणी आणखी चढवतो, आणि हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. वादळी दिवस असेल तर वळशाचा बेत सोडून द्या.

वेळ ठरली की जागेचे नियम. नावाजलेल्या अनेक पुळणींवर आता नुसतं जाऊन चालत नाही. फ्रान्समध्ये मार्सेलजवळच्या सुजितों कलांकसाठी (कलांक म्हणजे उंच कड्यांमधली अरुंद खाडी) २०२२ पासून उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते आणि दिवसाला ४०० जणांनाच सोडतात, कारण पावलांनी माती सुटून झाडांची मुळं उघडी पडली होती. त्याच परिसरातल्या वाटा वणव्याचा धोका असला की बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी पुन्हा खात्री करा. थायलंडमधली माया बे जून २०१८ मध्ये बंद केली होती, ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता बोटी थेट आत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला उतरावं लागतं. हवाईतली हनाउमा बे आठवड्यातून दोन दिवस बंद असते. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ला पेलोझा पुळणीवर उन्हाळ्यात दिवसाला १,५०० माणसांची मर्यादा आहे, आणि पंचाला वाळू चिकटून जाऊ नये म्हणून खाली चटई अंथरावी लागते. हे नियम कटकटीचे वाटले तरी त्यांच्यामुळेच या जागा टिकून आहेत. नोंदणीची वेळ तुमच्या ओहोटीच्या वेळेशी जुळते का, ते पैसे भरण्यापूर्वी बघा.

नकाशावर पुळणीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहून ठेवा. पश्चिमेला तोंड आणि पाठीशी उंच कडा असेल तर सकाळी उशिरापर्यंत वाळूवर सावली राहते. पाण्याचा रंग खुलतो तो ऊन वरून पडायला लागल्यावर. पूर्वेच्या कोव्हमध्ये दुपारनंतर गारवा आणि अंधार लवकर येतो. वारा समुद्राकडून येत असेल तर पाणी गढूळ, आणि जेलीफिश आत ढकलले जातात. जमिनीकडून वाहत असेल तर पाणी आरशासारखं दिसतं, पण तोच वारा हवा भरलेली गादी किंवा ट्यूब पाहता पाहता खोल पाण्यात नेतो. ट्यूब आणि गाद्या यादीतून काढूनच टाका. लाटांच्या अंदाजात उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघा. हा आकडा १२ च्या पुढे असेल तर मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि मधल्या काळात समुद्र फसवा शांत दिसतो. आइसलंडच्या रेनिसफ्यारावर कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसांना अशाच लाटांनी ओढून नेलं आहे.

बॅग हलकी हवी, कारण कोव्हला जाणारी वाट बहुधा उतरणीची असते आणि परतताना तीच उन्हात चढायची असते. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी घ्या. पाणी माणशी तीन लिटर. उन्हात तासाला अर्धा लिटर सहज लागतं आणि अशा ठिकाणी नळ किंवा दुकान असेलच असं नाही. त्यातलं एक लिटर परतीच्या चढासाठी वेगळ्या बाटलीत ठेवा आणि तिला आधी हात लावू नका. पायात पुढून बंद, रबरी तळाचे आणि टाचेला पट्टा असलेले बूट. साध्या चपला ओल्या खडकावर सटकतात आणि पाण्यात पायातून निघून जातात. खडकावरचे पांढरे टोकदार शिंपले तळवा चिरतात, आणि ती जखम वाळू-पाण्यात लवकर भरत नाही. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नको. खडबडीत, कोरडा, फिका दगड बघून पाऊल टाका.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. बहुतेक जण याच्या निम्मंसुद्धा लावत नाहीत. बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी आणि पोहून अंग पुसल्यावर पुन्हा. पावलांची वरची बाजू, कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, कारण ती द्रव्यं प्रवाळांना बाधतात. प्रवाळ असलेल्या किनाऱ्यावर झिंक ऑक्साइडचं घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. तो पाठ झाकतो, आणि स्नॉर्केलिंग करताना भाजते ती पाठच.

मोबाइलसाठी जलरोधक पिशवी घेतलीत तर आदल्या रात्री तिची परीक्षा करा. आत फक्त टिश्यूची घडी ठेवून पिशवी बंद करा, बादलीत अर्धा तास जड वस्तूखाली दाबून ठेवा, मग बाहेर काढून कोरडी पुसा आणि उघडा. टिश्यूचा एखादा कोपरा जरी गडद झालेला दिसला तरी ती पिशवी नको. बहुतेक वेळा दोष कडीतल्या वाळूच्या कणाचा असतो, म्हणून किनाऱ्यावर ती शक्यतो उघडूच नका. गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्लीही याच पिशवीत. खाऱ्या पाण्यात एकदा बुडाली की ती पुन्हा चालेलच असं नाही. कड्यांच्या आत मोबाइलला रेंज बहुधा नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या, तिथला आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहा, आणि पिशवीच्या पट्ट्याला शिट्टी बांधा. मिनिटात सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट शांतता, हा मदतीचा ओळखला जाणारा इशारा आहे. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू, हे मुक्कामाच्या ठिकाणी एका माणसाला सांगून निघा.

पोहोचल्यावर सामान लगेच टाकू नका. आधी कड्याच्या पायथ्याला बघा. दगडावर गडद ओला पट्टा आणि त्यावर शिंपले चिकटलेले दिसतील. तो पट्टा तुमच्या डोक्याच्या वर असेल तर पाणी तिथवर येतं, आणि मागे निघायला वाट नसेल तर ती जागा बसायची नाही. वाळूवर शेवाळ, काटक्या, पिसं यांची रांग दिसते, ती मागच्या भरतीची रेघ. चटई तिच्या वर. पण कड्याला टेकूनही बसू नका. कोव्ह तयार होते तीच मुळात दगड ढासळून. इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या लुलवर्थ कोव्हमध्ये समुद्राने पुढची कठीण चुनखडकाची भिंत फोडली आणि मागची मऊ माती धुऊन नेत घोड्याच्या नालेसारखा आकार कोरला. ते काम अजून चालूच असतं. ग्रीसमधल्या नावाजलेल्या नावायो पुळणीवर सप्टेंबर २०१८ मध्ये कड्याचा मोठा तुकडा माणसं असताना कोसळला आणि काही जण जखमी झाले. पायथ्याशी ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले असतील किंवा वरून खडे घरंगळत असतील, तर लांब सरका. पावसानंतरचे दोन-तीन दिवस जास्त सांभाळायचे.

मग किमान दहा-पंधरा मिनिटं उंचावरून पाणी बघा. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गडद किंवा गढूळ दिसतंय, फेस समुद्राच्या दिशेने चाललाय, तर ती ओढ आहे. नवख्या माणसाला हाच पट्टा सर्वात शांत वाटतो आणि तो नेमका तिथेच उतरतो. कोव्हमध्ये ही ओढ बहुधा दोन टोकांच्या खडकांना लागून असते, त्यामुळे मधोमध पोहा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तिचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो, त्यापुढे पट्टीचा पोहणाराही थकतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं. एक लाल म्हणजे मोठा धोका, अनेक देशांत तर पाण्यात उतरायलाच बंदी, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे पाण्यात डंख मारणारे जीव.

उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच निसटतो. त्याचा काटा लागलाच तर डॉक्टर गाठेपर्यंत पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. जेलीफिशच्या डंखावर वाळू चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, दोन्हींमुळे उरलेल्या पेशी विष सोडतात. समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी पडतं, काहींवर उलटं करतं, म्हणून त्या किनाऱ्यावर काय करतात ते जीवरक्षकाला आधीच विचारून ठेवा. चिमटा, चिकटपट्टी आणि जंतुनाशक एका छोट्या डबीत घेतलं की पुरे.

ओहोटीच्या वेळेचा गजर मोबाइलमध्ये लावा आणि तो वाजला की पाणी कितीही लांब दिसत असलं तरी सामान आवरायला घ्या. शिंपले, खडे, वाळू तिथेच राहू द्या. सार्डिनियात वाळू नेणाऱ्याला ५०० ते ३,००० युरोपर्यंत दंड होतो. मुक्कामी पोहोचल्यावर बूट, चष्मा आणि पिशवीची चेन गोड्या पाण्यात बुडवून काढा, मीठ वाळलं की चेन अडकते. आणि ज्या माणसाला परतायची वेळ सांगून निघाला होतात त्याला पहिल्यांदा भेटा, नाहीतर तो तुमच्या शोधासाठी माणसं धाडेल.