एक्स्टर्नल येणार आहेत! स्वॉर्थमोरच्या ऑनर्समध्ये या चुका टाळा

‘एक्स्टर्नल’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे शिकलेल्या कुणाच्याही पोटात बारीकसा गोळा येतो. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या दिवशी एक्स्टर्नल सर आले की आधी त्यांच्यासाठी नाश्त्याची प्लेट जायची, मग जर्नलवर सह्या झाल्यात का ते बघितलं जायचं आणि व्हायव्हा चालू असताना आपलेच सर मागे उभं राहून ओठ हलवून उत्तर सुचवायचे. या सवयीत वाढलेली मुलं (आणि त्यांचे आईबाप) अमेरिकेतल्या स्वॉर्थमोर कॉलेजची ऑनर्सची परीक्षा त्याच चालीने समजून घेतात. एक्स्टर्नल तिथेही असतात. पण तिथे निकाल खरोखर त्यांच्या हातात असतो.

स्वॉर्थमोर हे फिलाडेल्फियाजवळचं छोटं कॉलेज, १८६४ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी काढलेलं. १९२१ मध्ये फ्रँक एडेलॉट तिथे अध्यक्ष म्हणून आले. ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकले होते. तिथला नमुना डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी १९२२ मध्ये ऑनर्स सुरू केलं. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही त्यातली मेख. आपल्याला हे तत्त्व नवं नाही. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेल्या मुंबई विद्यापीठाचं कामच मुळात परीक्षा घेणं हे होतं, शिकवायचं कॉलेजांनी. पण आपला पेपर तपासणारा आपल्याला आयुष्यात कधी दिसत नाही. तिथे तो विमानाने येतो, समोर बसतो आणि ‘तुम्ही असं का लिहिलंत?’ म्हणून विचारतो.

बरीच वर्षं चालत आलेल्या रचनेत विद्यार्थी चार ‘प्रिपरेशन’ करायचा, तीन मेजरची (मुख्य विषयाची) आणि एक मायनरचं (दुय्यम विषयाचं). प्रिपरेशन म्हणजे बहुधा एक मोठा सेमिनार, कधी जोडीने घेतलेले दोन कोर्स, कधी थीसिस. शेवटच्या वर्षाच्या मे महिन्यात दुसऱ्या विद्यापीठांतले तज्ज्ञ लेखी पेपर काढतात आणि मग तोंडी परीक्षा घेतात. ऑनर्स, हाय ऑनर्स की हायेस्ट ऑनर्स, हे तेच ठरवतात. विभागागणिक तपशील बदलतात, तेव्हा आपल्या विभागाची पद्धत आधी विचारून घ्या.

पहिली चूक: ‘ऑनर्स’ या शब्दावरून अंदाज बांधणं

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी ती ऑनर्स. अमेरिकेतल्या कित्येक कॉलेजांत चांगला जीपीए आणि घरच्याच प्राध्यापकांनी तपासलेला थीसिस म्हणजे ऑनर्स. स्वॉर्थमोरमध्ये सेमिनारचे ग्रेड प्राध्यापकच देतात, पण ऑनर्सची श्रेणी त्या ग्रेडवरून निघत नाही. त्यामुळे सगळीकडे ‘ए’ असलेल्या मुलाला साधं ऑनर्स मिळू शकतं, आणि सेमिनारमध्ये चाचपडणारी मुलगी मेपर्यंत विषय पचवून पुढे निघून जाऊ शकते. उलट बाजूही लक्षात ठेवा: परीक्षकांनी ऑनर्स दिलं नाही म्हणून, बाकीच्या अटी पूर्ण असतील तर, पदवी अडत नाही. घरी फोनवर ‘नापास’ हा शब्द वापरू नका, आजी जेवायची नाही.

दुसरी चूक, आणि हीच सर्वांत महागात पडते: सेमिनारची घरगुती भाषा

सेमिनारमध्ये सात-आठ जण असतात. आठवड्यातून एकदा, तीन-चार तास, मध्ये खाण्यापिण्याची सुट्टी. प्रत्येकाने लिहिलेले पेपर (म्हणजे निबंध) सगळ्यांनी आधी वाचून यायचे आणि त्यांवर भांडायचं. एक सत्र असं घालवलं की त्या टोळीची स्वतःची बोली तयार होते. ‘तो दुसऱ्या आठवड्यातला मुद्दा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. एखाद्या लेखकाला टोळीने कधीच निकालात काढलेलं असतं, आणि का काढलं हे पुन्हा कुणी विचारत नाही.

परीक्षक त्या खोलीत कधी बसलेले नसतात. त्यांच्याकडे असतो तुमचा अभ्यासक्रम, वाचनाची यादी आणि स्वतःच्या विषयाची उभी हयात. तुम्ही लिहिता, ‘अर्थातच हा युक्तिवाद टिकत नाही.’ ते विचारतात, ‘का बरं?’ आणि तुमच्या लक्षात येतं की कारण कुणीतरी दुसऱ्यानेच ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं, आपण नुसती मान हलवली होती.

यावर उपाय साधा आहे. एप्रिलमध्ये आपला प्रत्येक मुख्य मुद्दा सेमिनारबाहेरच्या मित्राला सांगून बघा, शक्यतो दुसऱ्या विषयाच्या. तो जिथे ‘म्हणजे?’ म्हणेल तिथे पेन्सिलीने खूण करा. अभ्यास तिथे करायचा. आमच्या प्राध्यापकांचं मत अमुक आहे, हे उत्तरात आणूच नका. परीक्षकांचं त्यांच्याशी जुनं वैचारिक भांडण असू शकतं.

तिसरी चूक: सतरा महिन्यांचा विसर

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातला सेमिनार डिसेंबरमध्ये संपतो. त्याची परीक्षा शेवटच्या, म्हणजे चौथ्या वर्षाच्या मेमध्ये. मधे सतरा महिने, कदाचित एक सत्र परदेशात, आणि लॅपटॉप बदललेला. सेमिनार संपल्याच्या आठवड्यातच स्वतःचे पेपर, सोबत्यांचे पेपर आणि आपल्या टिपणांची एक फाइल करून ठेवा. सोबत्यांचे पेपर तर सोडूच नका. आपल्याला मित्राच्या वह्या झेरॉक्स करायची सवय आहेच, इथे ती राजरोस कामाला येते. जुन्या सेमिनारच्या मंडळींना फेब्रुवारीतच गाठून आठवड्याला एक बैठक ठरवा.

निवड करताना आणखी एक बघा: काही सेमिनार दरवर्षी होत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मेजरबरोबर ऑनर्सचा बेत मांडता, तेव्हाच हे विचारून घ्या.

चौथी: परीक्षकांना खूश करण्याचा प्रयत्न

नाव आधी कळलं की मुलं त्यांचे सगळे लेख डाउनलोड करतात. एक-दोन चाळायला हरकत नाही, कशात रस आहे ते कळतं. पण उत्तरात त्यांचेच शब्द त्यांना परत दिलेत तर पुढचा प्रश्न त्याच लेखाच्या कच्च्या दुव्यावर येईल, आणि तो दुवा त्यांना तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो.

तोंडीत अडकलात तर

लेखी पेपर देऊन आलात की झोपायच्या आधी प्रश्न आणि आपण काय लिहिलं ते कागदावर उतरवा. तोंडी परीक्षा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. एक उत्तर फसलं असेल तर बाहेर येऊन रडू नका. त्या रात्री ते नीट वाचा आणि परीक्षकांसमोर स्वतःहून म्हणा, ‘तिसऱ्या प्रश्नात माझं चुकलं, आता मला असं वाटतं.’ मोडलेलं उत्तर सांधायची ही सोय लेखीमध्ये नाही, इथे आहे.

प्रश्न यादीबाहेरचा आला तर ‘हे आम्हाला नव्हतं’ म्हणू नका. आपल्याकडे ‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हटलं की ग्रेस मार्कांची आशा असते, तिथे संभाषण थांबतं. ‘हे मी वाचलेलं नाही, पण आमच्या यादीतल्या अमुकाशी ताडून बघतो’ असं म्हणा आणि मोठ्याने विचार करा. गप्प बसायचं असेल तरी ‘एक मिनिट विचार करतो’ एवढं बोला, नाहीतर समोरच्याला वाटतं प्रश्न समजला नाही. परीक्षकांनी विरोध केला म्हणून लगेच माघारही घेऊ नका. आपल्या संस्कारात मोठ्यांना उलट उत्तर देणं बसत नाही हे खरं, पण ते इतक्या लांबून वाद घालायलाच आलेले असतात. पटलं तर मान्य करा, नाही पटलं तर कारण द्या.

शेवटचं आईबाबांसाठी. तोंडी परीक्षा आणि पदवीदान यांत थोडेच दिवस असतात. पुण्याहून निघताना दोन्ही एकाच तिकिटात बसवायचा मोह होतो. परीक्षा आटोपल्यावरच या. चकल्या चार दिवस उशिरा मिळाल्या तरी चालतात.