ऊतींमधले धातू मोजताना या चुका टाळा

कुणी आकड्यांची फाईल घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ब्लँकचा असतो, म्हणजे ऊतीशिवाय, बाकी सगळं तसंच करून तपासलेल्या कोऱ्या नमुन्याचा. ब्लँक लावला होता का हे मी विचारत नाही, तो सगळेच लावतात. ब्लँक कुठपासून सुरू केला, हे विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "डायजेशनपासून." म्हणजे ऊती विरघळवायला भांड्यात नायट्रिक ॲसिड ओतलं तिथून. त्याआधी नमुना सुरीखाली गेला, ट्रेमध्ये पडला, कुणाच्या तरी हातमोज्यांना लागला, पात्यांखाली दळला गेला. त्या ब्लँकनं यातलं काहीच पाहिलेलं नसतं.

माणसाच्या रक्तात, लघवीत, केसांत, नखांत, यकृतात किंवा मूत्रपिंडात शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम किती आहे हे मोजायचं आणि हवा, पाणी, माती, धूर यांतून त्याच्या अंगात काय गेलं याचा अंदाज बांधायचा, असं हे काम आहे. मोजमाप एक अब्जांश भागाच्या आसपासचं. आणि जे मोजायचं तेच धातू आपल्या भोवतीच्या धुळीत, रबरात, स्टीलमध्ये, काचेत भरलेले. निरोगी माणसाच्या सीरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पातळ भागातलं, क्रोमियम आज लिटरमागे साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम धरतात. जुन्या शोधनिबंधांतले आकडे याच्या दसपट, शंभरपट आहेत. माणसं बदलली नाहीत, नमुने घ्यायची पद्धत सुधारली. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधक जॅक व्हर्सीक आणि रिटा कॉर्नेलिस यांनी नुसत्या सुईतून रक्तात किती क्रोमियम आणि मँगेनीज उतरतं हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे लोक सावध झाले.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेलं सांगते. धातू वितळवण्याच्या कारखान्याजवळ राहिलेल्या माणसांच्या यकृताचे शवविच्छेदनातले तुकडे आणि लांबच्या वस्तीतल्या माणसांचे तुकडे, असे दोन गट होते. लांबच्या गटाचे तुकडे आधी आले. ते मी सिरॅमिकच्या सुरीनं हातानं बारीक केले. मनगट दुखायचं, दिवसाला चार-पाच तुकडेच व्हायचे. कारखान्याजवळचा गट आला तोवर प्रयोगशाळेत नवा होमोजिनायझर, म्हणजे ऊती दळून एकजीव करणारं यंत्र, आला होता, चकचकीत स्टीलच्या पात्यांचा. दोन दिवसांत सगळं दळून झालं. आकडे आले तर कारखान्याजवळच्या गटात क्रोमियम कितीतरी जास्त, निकेलही जास्त. प्रत्येक नमुन्यात. मी त्याच रात्री परिषदेसाठी गोषवारा लिहायला घेतला.

सकाळी सरांना तक्ता दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीत क्रोमियमला निकेलनं भागायला लागले. सव्वादोन. दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक तीन. परत सव्वादोन. खाली उतरत गेले आणि थांबले. म्हणाले, "अगं, हे यकृत नाही, हे स्टील आहे." नेहमीच्या ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भागून बघा.

तरी मला पटेना. मग आम्ही अतिशुद्ध पाणी ॲसिडनं धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलं, त्या बर्फाचे खडे होमोजिनायझरमधून फिरवले आणि वितळलेलं पाणी तपासलं. नुसतं पाणी फिरवून उपयोग नव्हता, पात्यांना घासणारं काहीतरी टणक हवं होतं. त्या बर्फात क्रोमियम आणि निकेल दोन्ही निघाले, त्याच प्रमाणात. माझा डायजेशनचा ब्लँक मात्र तेव्हाही स्वच्छच होता.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: नमुन्याचा प्रवास जिथून सुरू होतो तिथून ब्लँकचाही सुरू होतो. रक्त काढायला जाताना अतिशुद्ध पाण्याची बाटली सोबत जाते. ते पाणी त्याच सुईतून ओढलं जातं, त्याच नळीत भरलं जातं, त्याच बर्फपेटीतून परत येतं. दोन्ही गटांवर तेच हत्यार, तोच हात, आणि गट आलटून पालटून. एक गट आधी उरकायचा आणि दुसरा नंतर, हे मी आता कुणालाही करू देत नाही. कापायला सिरॅमिक, टायटॅनियम किंवा क्वार्ट्झ. टायटॅनियमच मोजायचं असेल तर अर्थातच टायटॅनियम नाही. वेळ लागतो, लागू द्या. "मॅडम, दोन दिवसांत होतंय की," असं म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते.

याच जातीच्या बाकीच्या चुका पटापट सांगते. पावडर लावलेले रबरी हातमोजे जस्त सोडतात, बिनपावडरचे नायट्राईल वापरा. नेहमीच्या रक्ताच्या नळीच्या रबरी बुचातून जस्त येतं, म्हणून गडद निळ्या टोपणाची, याच कामासाठी बनवलेली नळी मागवा, आणि त्याही खोक्यातल्या दोन-तीन नळ्या आधी तपासा. सुईतून आलेलं पहिलं रक्त दुसऱ्या चाचण्यांना द्या. सीरम लालसर दिसलं तर जस्त, लोह, मँगेनीज यांचा आकडा टाकून द्या, कारण फुटलेल्या तांबड्या पेशींचा माल त्यात आलेला असतो. फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेला तुकडा ताज्यासारखा समजू नका. काही धातू त्यातून बाहेर झिरपलेले असतात, काही फॉर्मलिनमधून आत आलेले.

आता केस. याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे.

केस घेणं सोपं, दुखत नाही, टपालानं पाठवता येतो, म्हणून नवशिक्याचा पहिला प्रकल्प केसांचा असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा टाळूजवळचे तीन सेंटिमीटर म्हणजे मागचे तीन महिने, हे गणित सगळ्यांना तोंडपाठ. मिथाइल पाऱ्याच्या बाबतीत ते खरंही ठरतं. केस घडत असतानाच तो केराटिन या केसातल्या प्रथिनामधल्या गंधकाला घट्ट चिकटतो, आणि केसातलं त्याचं प्रमाण रक्ताच्या अंदाजे अडीचशेपट असतं. १९७१-७२ साली इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं बियाणं लोकांनी दळून खाल्लं. तेव्हा एकेका केसाचे तुकडे पाडून कुठल्या महिन्यात किती पारा अंगात गेला हे वाचता आलं होतं.

बाकीच्या धातूंना हाच नियम लावायचा, ही खरी चूक. आर्सेनिकच्या पाण्यानं डोकं धुणाऱ्याच्या केसाला आर्सेनिक बाहेरूनही चिकटतं. कारखान्याची धूळ शिसं घेऊन केसावर बसते. कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियम सल्फाइड असतं, झिंक पायरिथिऑन असतं. काही केसकलपांत तर शिशाचं ॲसिटेट असायचं. "पण मॅडम, आम्ही धुतलंय." कशानं धुतलं? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची जुनी रीत आहे: ॲसिटोन, तीनदा पाणी, पुन्हा ॲसिटोन. मी तीच वापरते, कारण तिनं दोन प्रयोगशाळांचे आकडे निदान शेजारी शेजारी ठेवता येतात. पण बाहेरचं सगळं गेलं आणि आतलं सगळं राहिलं, असं ती करत नाही. कुठलीच धुलाई ते करत नाही. जास्त धुतलं तर आतलंही जातं.

२००१ साली एका निरोगी माणसाचे केस वाटून अमेरिकेतल्या सहा व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवले होते. उत्तरं एकमेकांपासून इतकी लांब आली की एकीच्या मते जे जास्त ते दुसरीच्या मते कमी. सल्लेही उलटसुलट. तरीही वीस-तीस मूलद्रव्यांचा रंगीत तक्ता छापून लोकांना घाबरवणं चालूच आहे. कुणी तसा तक्ता घेऊन माझ्याकडे आलं की मला वाईट वाटतं. त्यांना मी सांगते, हा बाजूला ठेवा आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या.

आणि केस ज्याचा म्हणता त्याचाच आहे ना? संगीतकार बेथोवेनची म्हणून जपलेली एक बट तपासून त्याला शिशाची विषबाधा होती, असं २००० साली जाहीर झालं. २०२३ मध्ये डीएनए तपासणीत ती बट एका बाईची निघाली. शिशाचं मोजमाप अचूक होतं, माणूस चुकीचा होता. म्हणून मी केस मानेच्या वर, टाळूलगत कापते, टाळूकडच्या टोकाला सुती दोरा बांधते, आणि तिथेच, त्या माणसासमोर, लेबल लावते. "नंतर लावू" म्हणून सोडलेल्या पाकिटांचा मला कायमचा धसका आहे.

तिसरी मोठी चूक प्रश्नाला न जुळणारी ऊती निवडण्याची. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, म्हणजे ते मुख्यतः अलीकडच्या काळाबद्दल सांगतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथं दशकानुदशकं राहतं. ज्या कामगाराला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली त्याच्या रक्ताकडे बघून "संपर्क नव्हता" असं लिहू नका. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, त्याचं अर्धायुष्य दहा ते तीस वर्षांचं. लघवीतलं कॅडमियम त्या साठ्याचा अंदाज देतं, रक्तातलं अलीकडच्या संपर्काचा. आणि कॅडमियम मोजताना सिगारेट विचारली नसेल तर सगळा तक्ता फुकट. आर्सेनिक रक्तातून काही तासांतच निघून जातं, तेव्हा लघवीच तपासा, पण एकूण आर्सेनिक मोजून थांबू नका. समुद्री मासे खाल्ले की आर्सेनोबीटेन नावाचं निरुपद्रवी रूप लघवीत भरपूर येतं आणि आकडा आभाळाला भिडतो. चार दिवस मासे बंद ठेवायला सांगा, किंवा रूपं वेगळी करून अजैविक आर्सेनिक आणि त्याची मिथाइल रूपं तेवढी धरा. मी दोन्ही करते, कारण लोक मासे सोडल्याचं सांगतात आणि सोडत नाहीत.

एक प्रकार तर मी चूकही म्हणणार नाही, तो अपराध आहे. धातू ओढून काढणारं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची, आणि औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडून "विषबाधा" ठरवायची. औषध घेतल्यावर निरोगी माणसाचाही आकडा वाढतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००९ साली ही पद्धत शास्त्रीय नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. अशा अहवालावर कुणाला उपचार सुरू होताना दिसले तर गप्प बसू नका.

मशिनच्या बाजूच्या चुका त्या मानानं लवकर सापडतात. आयसीपी-एमएस हे अणूंना वस्तुमानानुसार वेगळं करून मोजणारं मशिन. त्यात आर्सेनिक ७५ वस्तुमानावर दिसतं, आणि आरगॉनला क्लोरीन चिकटलं की तेही ७५वरच. लघवी आणि रक्त दोन्हीत मीठ आहे, तेव्हा अशा जोड्यांना हेलियमशी टक्कर घडवून गाळणारी कोलिजन सेल चालू आहे ना, हे पाहूनच सुरुवात करा. एमआरआयच्या आधी चित्र स्पष्ट यावं म्हणून गॅडोलिनियम धातूचं इंजेक्शन घेतलेल्याच्या नमुन्यात, दुहेरी प्रभारामुळे निम्म्या वस्तुमानाचं भासणारं गॅडोलिनियम ७८वर येऊन सेलेनियम फुगवतं. ते हेलियमनं जात नाही, म्हणून प्रश्नावलीत एमआरआयचा रकाना हवाच. पारा नळ्यांना चिकटून बसतो आणि पुढच्या नमुन्यात उगवतो. धुण्याच्या द्रावणात थोडं सोनं किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड ठेवा. पाऱ्यासाठी नमुना भट्टीत जाळून राख करू नका, पारा उडून जातो. लघवी किती पातळ आहे हे क्रिएटिनिन (लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) किंवा विशिष्ट गुरुत्वावरून कळतं, त्यांच्याशिवाय लघवीचा आकडा सांगू नका. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ ग्रॅमच्या वर असेल तर नमुना परत मागा. यकृताचा आकडा ओल्या वजनावर की कोरड्या, हे लिहा. तीन-चारपट फरक पडतो. मोजता येण्याच्या मर्यादेखालच्या आकड्यांच्या जागी शून्य भरू नका. आणि प्रत्येक फेरीत प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा नमुना, लावा, तोही त्याच ऊतीचा. लघवी मोजताना पाण्याचा नमुना बरोबर आला, याला काही अर्थ नाही.

उरलेला तुकडा कधीही फेकू नका. त्या यकृतांचे उरलेले भाग उणे ८० अंशांवर होते म्हणूनच मला ते पुन्हा सिरॅमिकच्या सुरीनं, दोन्ही गट मिसळून, कापता आले. तीन आठवडे लागले. दोन गटांतल्या क्रोमियममध्ये काहीच फरक उरला नाही आणि निकेल बहुतेक नमुन्यांत मर्यादेखाली गेलं. कॅडमियमचा फरक टिकला, पण तो कारखान्याशी नाही, सिगारेटच्या रकान्याशी जुळला.