हलवायचंय ना? मग एसव्हीजी की पीएनजी हे नंतर ठरवा

फाईल हलकी म्हणजे ॲनिमेशन हलकं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तो समज एका ढगाने मोडला. वेबपानाच्या वरच्या पट्ट्यात आडवा सरकणारा साधा ढग, खाली मऊ सावली. पीएनजी (पिक्सेलच्या ठिपक्यांचं चित्र, म्हणजे बिटमॅप) तीनशे केबीच्या घरात, एसव्हीजी (बिंदू आणि रेघांच्या सूचनांनी काढलेलं, म्हणजे व्हेक्टर) जेमतेम 38. अर्थात एसव्हीजी लावला. माझ्या लॅपटॉपवर छान सरकला, जुन्या फोनवर मात्र आचके खात.

फाईल उघडून पाहिली. ढग कुणी हाताने काढलेलाच नव्हता. फोटोवरून ऑटो-ट्रेस केलेला (सॉफ्टवेअरने आपोआप रेघांत उतरवलेला), साडेतीन हजारांवर बिंदू, आणि सावलीसाठी ती धूसर करणारा गॉसियन ब्लरचा फिल्टर. त्यावर माझी भर म्हणजे मी एसव्हीजीच्या आतला गट जावास्क्रिप्टने सरकवत होते. ब्राउझर बिचारा दर फ्रेमला (स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) सगळे बिंदू नव्याने रंगवत होता, ब्लरही नव्याने काढत होता. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झच्या स्क्रीनवर 8.3. तुमचा बाकीचा कोडही त्यातच उरकायचा असतो.

म्हणून आता आधी विचारते: दर फ्रेमला नेमकं बदलतंय काय?

नुसती जागा, कोन किंवा पारदर्शकता बदलत असेल, तर चित्र कुठल्या जातीचं आहे याने फारसा फरक पडत नाही. एसव्हीजी एका डिव्हमध्ये (पानावरच्या साध्या चौकटीत) ठेवा आणि तो बाहेरचा डिव्ह सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने हलवा. ब्राउझर चित्र एकदाच रंगवतो, पुढे जीपीयू (ग्राफिक्सची चिप) तो तयार तुकडा नुसता सरकवतो. माझ्या ढगाचे आचके एवढ्यानेच थांबले. बिंदू मी नंतर कमी केले आणि ब्लरच्या जागी ग्रेडियंट टाकला, पण ती सफाई झाली. दुखणं दुसरीकडेच होतं.

आकारमान बदलत असेल तर एक खाचखळगा आहे. विल-चेंज (हे बदलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) लावून लोगो एकपटीवरून तिप्पट केलात, तर क्रोममध्ये तो एसव्हीजी असूनही धूसर दिसू शकतो, कारण ताणला जातो तो आधी रंगवून ठेवलेला तुकडा. उपाय उलटा आहे: मांडणीत लोगो मोठाच ठेवा आणि सुरुवातीला स्केलने लहान करा.

आकृतीच बदलत असेल, म्हणजे एका आकाराचा दुसरा होणं किंवा रेघ स्वतःहून काढली जाणं, तर दर फ्रेमला रंगकाम टळत नाही. तुटक रेघेची सुरुवात सरकवून ती काढली जातेय असा भास देणारी डॅश-ऑफसेटची युक्तीही याच गटातली. इथे व्हेक्टरच वापरा, पण बिंदू मोजके, क्षेत्र लहान आणि फिल्टर शून्य.

बिटमॅपचं दुखणं मेमरीचं. पीएनजी डिस्कवर कितीही दाबलेली असो, उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट लागतात. 400 बाय 400 ची एक फ्रेम 640 केबी. तशा 48 फ्रेम म्हणजे जवळपास 31 एमबी. दुप्पट घनतेच्या स्क्रीनसाठी 800 बाय 800 केल्यात तर 123 एमबी, तेही एका उड्या मारणाऱ्या पात्रासाठी! स्प्राइटची (सगळ्या फ्रेम एकाच चित्रात मांडलेली) फाईल फक्त 500 केबीची आहे म्हणून खूश होणाऱ्यांना मी हा गुणाकार करायला लावते.

तरीही पोत, ब्रशचे फटकारे, फोटोसारख्या छटा असतील तर स्प्राइटच बरा. 48 फ्रेमची एकच लांब पट्टी करू नका, 19,200 पिक्सेलची रुंदी जीपीयूला जड जाते. 8 स्तंभ आणि 6 ओळींची जाळी करा. बाहेर एका फ्रेमएवढी खिडकी, ओव्हरफ्लो (खिडकीबाहेर जाणारा भाग) लपवलेला. तिच्यात एकात एक असे दोन थर, दोन्ही पूर्ण जाळीच्या मापाचे: बाहेरचा थर डावीकडे उणे 100 टक्के सरकतो स्टेप्स 8 ने (सलग नव्हे, 8 टप्प्यांत), आतला वरच्या दिशेने तेवढाच स्टेप्स 6 ने. पूर्ण चक्र 2 सेकंदांचं असेल तर आडव्याला 2 भागिले 6 सेकंद द्या, उभ्याला पूर्ण 2. दोन्ही थर अशासाठी, की एकाच घटकावर दोन ॲनिमेशनं ट्रान्सफॉर्म बदलू लागली तर नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं.

जिफ? 256 रंग आणि अर्धवट पारदर्शकता नाही. मी वापरत नाही.

तपासायला क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग उघडून पेंट फ्लॅशिंग सुरू करा. ॲनिमेशनवर हिरवा चौकोन सतत लुकलुकत असेल तर तिथे दर फ्रेमला रंगकाम चालू आहे. मग परफॉर्मन्समध्ये सीपीयू 6 पट मंद करून पुन्हा बघा. आणि ड्रॉवरमधला तो जुना फोन चार्जिंगला लावा, माझा ढग त्यानेच पकडून दिला होता.