रेड अलर्ट आला, आता घरात नेमकं काय करायचं?

हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, पाणी मात्र एखाद्या गल्लीत, एखाद्या वाडीवर येतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला ७५सुद्धा भरला नाही. त्यामुळे इशाऱ्याचा रंग पाहून घाबरण्यात किंवा हसण्यात अर्थ नाही. तो वाचायचा आणि आपलं घर कुठल्या जागी आहे, हे त्याच्याशी ताडून पाहायचं.

आकडे आणि रंग

२४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणजे सकाळी जाहीर होणारा आकडा बहुतेक कालच्याच पावसाचा असतो. एक मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिमी पाऊस पडला तर सुमारे ४,६०० लिटर पाणी साचतं. गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की एवढं सगळं पाणी स्लॅबवर तुंबतं. ती जाळी मे महिन्यात एकदा साफ करून भागत नाही, दर आठवड्याला पाहावी लागते.

पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना पावसाच्या मिलिमीटरबरोबरच त्याची शक्यता आणि होऊ शकणारं नुकसानही धरलेलं असतं. रंगासोबतचं वाक्य मात्र फार थोडे लोक वाचतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा इशारा असताना आपल्या गावात ऊन पडलं, तर खातं चुकलं असं होत नाही.

पाच दिवसांचा अंदाज कामं पुढे-मागे करण्यापुरता. आत्ता निघायचं की तासाभरानं, हे ठरवायला तीन तासांचा तात्काळ इशारा आणि रडारचं चित्र पाहा. रडारचं एकच चित्र पाहून काही कळत नाही. लागोपाठची चित्रं पाहिली की ढग कुठून कुठे सरकताहेत ते दिसतं. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. नाहीतर ताजं चित्र जुनं वाटेल आणि येणारा पाऊस येऊन गेला असं वाटेल.

घरचं पर्जन्यमापक

सरळ उभ्या बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं आणि एक पट्टी पुरते. वर रुंद होत जाणारा पेला नको, त्यात पाऊस जास्त दिसतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड खाचखळग्यांचं असतं. ती वापरायचीच असेल तर मान कापा, सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर भांडं ठेवा. रोज साडेआठला मोजा, लिहा, ओता. खरा उपयोग दोन-तीन दिवसांच्या बेरजेचा आहे, विशेषतः डोंगराखाली राहणाऱ्यांना.

जागा पाहून निर्णय

खाडीकाठी आणि मुंबईच्या सखल भागात पावसाबरोबर भरतीचं वेळापत्रक पाहायला हवं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांतून समुद्राकडे पाणी जायला वाटच उरत नाही. अशा दिवशी भरतीच्या वेळेच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास प्रवास टाळा.

नदीकाठी आपल्या गावातल्या पावसापेक्षा धरणाचा विसर्ग आणि पुलाजवळची पातळी महत्त्वाची. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. मागच्या पुरात पुलाजवळ किती फूट असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं, ते भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी आकड्यापेक्षा हा आकडा तुमच्या जास्त कामाचा. निघायचं ते इशारा पातळीलाच, कारण घराच्या आधी रस्ता बुडतो. जनावरं आधी हलवा. शक्य नसेल तर निदान दावी सोडा, गोठ्यात बांधून ठेवू नका.

सगळ्यात कठीण प्रश्न डोंगरउताराचा. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३), तिन्ही दुर्घटना जुलैतल्या सततच्या पावसात घडल्या आणि इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्री. माती आधीच पाणी पिऊन जड झालेली असते, वर आणखी जोराची सर आली की सुटते. लागोपाठ दोन दिवस मापकात शंभराच्या वर आकडा आणि पुढे लाल इशारा असेल, तर अंधार पडण्याआधी शाळेत किंवा नातेवाइकांकडे झोपायला जा. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका, मातीतलं पाणी उतरायला एक-दोन दिवस लागतात.

खुणाही दिसतात. जमिनीला नवी भेग पडते, खांब किंवा झाड कलतं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा आटतं, नको तिथे नवा झरा फुटतो. दार अडकू लागणं हीसुद्धा खूण सांगतात, पण पावसाळ्यात लाकूड फुगतंच. दार अडकतंय आणि भिंतीलाही तडा गेलाय, तर मात्र दुर्लक्ष नको. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. तडा रेघेपुढे गेला की घर सोडायचं आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवायचं. दरडीचा आवाज आलाच तर उताराच्या दिशेनं खाली पळू नका, तिच्या वाटेतून आडवे बाजूला व्हा.

विजेचा धोका मान्सून येण्याआधी आणि परतताना जास्त. लखलखाट ते गडगडाट किती सेकंद ते मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की शेतातून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. एकटं झाड हा आडोसा नव्हे. ‘दामिनी’ अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं.

पाणी दारात आल्यावर

पाणी प्लगपर्यंत पोचण्याआधी, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. मेन बंद झालं तरी त्याचा प्रवाह चालूच असतो, आणि इथेच माणसं फसतात. गॅसचा रेग्युलेटर काढा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाते, म्हणून पुलावरून पाणी जात असेल तर परत फिरा. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांतलं काम लाखात जातं.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं, त्यातही पायाला जखम असली, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या लघवीमुळे दूषित पाण्यातून होणाऱ्या आजारावरचं प्रतिबंधक औषध कुणी किती घ्यायचं ते तेच ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मुलांना शेजाऱ्याची गोळी देऊ नका. पाणी उकळी आल्यावरही काही मिनिटं उकळू द्या. कपाटामागे हात घालण्याआधी काठी फिरवा, साप कोरडी जागा शोधत आलेले असतात. आणि चिखल उपसायला घेण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेलं सामान यांचे फोटो काढा, तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर साफ झालेलं असतं.