घरातील सांडपाणी तुंबल्यास खर्च कोणाचा?

भाड्याच्या घरातील मोरी तुंबली की खर्चावरून वाद घालण्यापूर्वी बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घराच्या आतील नळीत आहे. तेथे माशांची खवले, खोबऱ्याचा चोथा किंवा गोठलेले तेल सापडले, तर सफाईचा खर्च भाडेकरूनेच द्यावा, हे मला न्याय्य वाटते. चेंबर काठोकाठ भरलेले असेल, तर दोष पुढच्या वाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये असतो. झाडाची मुळे शिरणे, जुनी वाहिनी खचणे, पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर आल्याने शोषखड्ड्याने पाणी न घेणे, हे प्रकार गोव्यात नेहमीचेच असून त्यांचा भार भाडेकरूवर टाकणे योग्य नव्हे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाडेकरूने स्वाभाविक झीज वगळता घर मिळाले त्या स्थितीत राखायचे असते. आणि जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणून सूचना लेखीच द्यावी, तुंबलेल्या चेंबरचे छायाचित्र जोडावे आणि प्लंबरकडून अडथळ्याचे कारण पावतीवर लिहून घ्यावे. अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार, म्हणजे भाडेपट्टा न देता केवळ वापराची परवानगी देणारा करार, असेल तर मात्र हे कलम लागू होत नाही. त्यामुळे टँक उपसण्याचा खर्च कोणी करायचा, हे सही करण्यापूर्वीच त्यात नमूद करून घ्यावे.